डुकराच्या पोटातली गोळी

ती घटना आठवली की मला आजही दुःखाआधी संताप येतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या बऱ्याच आरोपींचे चेहरे आता नीट डोळ्यांपुढे येत नाहीत. या प्रकरणात तर कोणी कोणाला मारायला निघालंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तिघे जण मौजेसाठी घराबाहेर पडले, आणि त्यापायी एक बाई स्वतःच्या रानात मेली. त्यांना काही विचारलं तर चेहऱ्यावर भाव एकच, यात आमचा काय संबंध? तो चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी पाथर्डी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कोरडवाहू मुलूख, डोंगराच्या कडेकडेने वसलेली गावं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं. मागे राहतात म्हातारीकोतारी, शाळेची पोरं आणि ज्यांना काही कारणाने जाता आलं नाही अशा बायका. तुरीची सोंगणी त्यांच्याच अंगावर पडते.

मयत बाई अशीच मागे राहिलेली. वय चाळिशीच्या आतलं. मुलगी दहावीला होती, तिची परीक्षा बुडू नये म्हणून नवऱ्याला टोळीबरोबर पाठवून ती घरी थांबली होती. त्या सकाळी ती आणि तिची धाकटी जाऊ डोंगराखालच्या पट्टीत तूर सोंगत होत्या. वरच्या अंगाने रानडुक्कर आलं आणि सरळ तिच्या अंगावर गेलं. सुळा मांडीत शिरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत ती संपली होती.

पोलीस पाटलाचा फोन आला. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. हवालदार रुग्णालयात गेले, मरणोत्तर पंचनामा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटल्याने रक्तस्राव होऊन मृत्यू. वनरक्षकही येऊन गेला. जंगली जनावराने माणूस मारला, यात पोलिसांनी शोधण्यासारखं काय आहे, असंच सगळ्यांना वाटलं. कागद पूर्ण करून प्रकरण बंद होणार होतं.

मी रुग्णालयात पोचलो तेव्हा जाऊ बाहेरच्या पायरीवर बसली होती. लुगड्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. हवालदार तिचा जबाब घेऊन मोकळे झाले होते. मी नुसतं शेजारी उभं राहून विचारलं, "ताई, डुक्कर आलं कुठून?"

"वरून. बरडाकडून," ती म्हणाली. "साहेब, ते आदीच रगताळलेलं हुतं."

हवालदार म्हणाले, "अगं, ते तिचंच रक्त असेल."

ती त्यांच्याकडे न बघता मलाच म्हणाली, "तिच्यापशी यायच्या आदीचं सांगते मी. बांध उतारलं तवाच त्याच्या मागल्या अंगाला रगत हुतं. मागचा पाय वढीत हुतं. आन त्याच्या जरा आदी आवाज आलता. बारीक. चाबूक वढल्यावानी."

"फटाका असेल," हवालदार म्हणाले. डुकरं हाकलायला त्या भागात सगळेच फटाके वाजवतात, त्यामुळे त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

"फटाका मला कळतो," ती म्हणाली.

यातलं काहीच जबाबात नव्हतं. हवालदारांनी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नव्हतं, किंवा तिने सांगितलं आणि त्यांनी लिहिलं नाही. मी तिथेच तिचा पुरवणी जबाब घ्यायला लावला आणि गाडी गावाकडे वळवली.

इथे स्वतःबद्दल थोडं सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी प्रशिक्षण केंद्रात शस्त्र शिकवायला होतो. फायरिंग रेंजवर उभं राहून कोणत्या बंदुकीचा आवाज कसा, हे कान आपोआप शिकतात. बारा बोअरचा, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचा, बार दणकतो, डोंगरात घुमतो. मोठ्या रायफलीचा आवाज छातीवर येतो. चाबूक ओढल्यासारखा बारीक, कोरडा आवाज असतो तो पॉइंट टू टू रायफलीचा. ही रायफल निशाणेबाजीच्या सरावासाठी असते. कागदाचं निशाण किंवा फार तर ससा, एवढीच तिच्या गोळीची ताकद. हिने कोणी रानडुकरावर गोळी झाडेल हे माझ्या मनाला पटत नव्हतं.

जागेवर गेलो. सोंगलेल्या तुरीच्या पेंढ्या तशाच पडल्या होत्या. जिथे बाई पडली तिथे रक्त होतंच, पण मला बघायची होती ती वरची बाजू. वनरक्षकाला बरोबर घेऊन बांध चढलो. बांधाच्या दगडावर वाळलेले थेंब सापडले. त्याच्याही वर, बरडातल्या, म्हणजे मुरमाड माळावरच्या गवताच्या काड्यांवर होते. म्हणजे डुक्कर रक्त सांडतच खाली आलं होतं. जाऊ खरं बोलत होती.

बाईला मारून ते ओढ्याच्या दिशेने गेलं होतं. त्या दिवशी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घाणेरीच्या जाळीत मेलेलं मिळालं. दांडगा नर होता. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून पंचांसमक्ष शवविच्छेदन केलं. गोळी बरगड्यांच्या मागून पोटात शिरली होती, आतडी फाडून मागच्या पायाच्या हाडाशी अडकली होती. डॉक्टरांनी ती चिमट्याने काढून माझ्यापुढे धरली. करंगळीच्या नखाएवढं शिसं. पॉइंट टू टूच.

मी रागावलो तो तिथे. का, ते वाचकांना कळावं म्हणून शस्त्राची थोडी माहिती देतो.

शेताचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायला वनखात्याची परवानगी मिळू शकते. त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो आणि बंदूक परवान्याची लागते. ते योग्य की अयोग्य या वादात मी पडत नाही. पण परवानगी असली तरी जनावराला पुरेल असं हत्यार हातात हवं. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावरची कातडी चिलखतासारखी जाड असते. त्याला जड गोळीची, दणकट रायफल लागते. आपल्याकडच्या परवान्यांवर थ्री फिफ्टीन रायफल असते, ती चालते. जवळून, एकसंध गोळीचं काडतूस घालून बारा बोअरही चालते. बारीक छर्रे नाही चालत. आणि नेम धरायचा तो जनावर आडवं, स्थिर उभं असताना, पुढच्या पायाच्या कोपराच्या किंचित मागे आणि खालच्या बाजूला. तिथे काळीज आणि फुफ्फुस असतं. तिथे गोळी बसली तर जनावर फार लांब जात नाही. डोक्यावर धरायचा नाही. मेंदूची जागा लहान असते, डोकं सतत हलतं, आणि चुकलेली गोळी जबड्यात किंवा पोटात जाते. पोटात गोळी लागलेलं डुक्कर लगेच मरत नाही. ते वेदनेने पिसाळतं आणि वाटेत येईल त्याच्यावर जातं.

आणखी एक गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. गोळी जिथे जाणार त्या बाजूला काय आहे ते आधी पाहायचं. जनावर जखमी झालं तर त्याचा माग काढायचा, त्याला संपवायचं, आणि ते जमत नसेल तर निदान आजूबाजूच्या माणसांना ओरडून सावध करायचं. बंदूक हातात घेणाऱ्याने हे करावंच, त्यात सवलत नाही.

इथे रायफल चुकीची होती, नेम चुकीचा होता, आणि गोळी लागल्यावर झाडणारा निघून गेला होता. खाली दोन बायका तूर सोंगताना त्या उंचावरून दिसत होत्या. मी स्वतः त्या जागी उभा राहून पाहिलं, पट्टी सबंध दिसते. नंतर जाऊ मला म्हणाली, "एक हाक मारली आसती तर आमी बांधावर चढलो आसतो. एकच हाक, साहेब."

आता झाडणारा कोण, हे शोधायचं होतं. गावात विचारलं तर कोणी काही पाहिलं नव्हतं. लहान गावात सगळ्यांनी एकदम काहीच पाहिलेलं नसतं तेव्हा समजायचं की सगळ्यांना माहीत आहे. मी पोलीस पाटलाला बाजूला घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, वरच्या मकेवाल्याला इचारा. मी सांगितलं म्हनू नका."

मकेवाला म्हणजे बरडाच्या वरच्या अंगाला विहिरीवर मका करणारा शेतकरी. पन्नाशीचा माणूस. मी त्याच्या वस्तीवर गेलो, बाजेवर बसलो आणि पाणी मागितलं. त्याने तांब्या पुढे केला. मी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"मीच बोलावलं त्यास्नी. डुकरांनी मकेचं वाटुळं केलं. परवानगीचा अर्ज दिलता, कुनी ढुंकून बगितलं न्हाई. मेव्हन्याच्या वळखीचे हुते, म्हनले आमी करतो बंदोबस्त."

"गोळी झाडली तेव्हा तू कुठं होतास?"

"त्यांच्याच मागं. डुक्कर खाली पळालं तवा मी म्हनलो, खाली बाया हायेत. ते म्हनले, लागलंय, पडंल कुठंतरी. आन गाडीत बसले."

"आणि तू?"

तो म्हणाला, "मी हाक मारली न्हाई. त्यांनी गप ऱ्हा म्हनलं आन मी गप ऱ्हायलो. ती माझ्या चुलतभावाची सून हाय, साहेब."

त्याच्यावरही मला राग आला, पण तो माणूस आधीच अर्धा झाला होता. त्याचा जबाब घेतला, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांसमोरही तो नोंदवून घेतला, कारण असा साक्षीदार पुढे फिरू शकतो हे मला ठाऊक होतं.

मकेवाल्याने सांगितलं त्याप्रमाणे ज्याने गोळी झाडली होती त्याचं जिल्ह्याच्या गावाजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप होतं. शिकलेला, बोलण्यात सफाईदार, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. समन्स दिल्यावर तो वकिलाला घेऊन आला. त्याच्या आधी एका पुढाऱ्याचा फोन येऊन गेला होता. चांगल्या घरचा माणूस आहे, जरा सांभाळून घ्या. मी म्हटलं, मेलेली बाईपण चांगल्या घरचीच होती. फोन ठेवला गेला.

त्याने स्वतःहून बंदुकीचा परवाना टेबलावर ठेवला. बारा बोअरचा. म्हणाला, "आम्ही त्या भागात फिरायला गेलो होतो, हे खरं. मित्र होते बरोबर. पण मी बारही काढला नाही. माझी बंदूक तपासा."

मला ती बंदूक तपासायची गरज नव्हती. पण तसं सांगितलं नाही. डुकराच्या पोटातून काय निघालं हे डॉक्टर आणि पंच सोडले तर ठाण्याबाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. वकील साहेबांना बाहेर बाकावर बसायची विनंती केली. त्यांनी दार उघडं ठेवायला सांगितलं, मी ठेवलं. मग चहा मागवला आणि शस्त्रांचा विषय काढला. रेंजवर शिकवायला होतो हे सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

अशा माणसांची एक सवय मी बरीच वर्षं पाहिली आहे. गुन्हा लपवताना ते सावध असतात, पण त्यांच्या हुशारीचं कौतुक करणारा भेटला की सावधपणा सुटतो, आणि कोणी हुशारीवर शंका घेतली तर त्याहून लवकर सुटतो. तो भरभरून बोलायला लागला. मोठ्या रायफली अडाण्यांच्या, म्हणाला. खरा निशाणेबाज लहान गोळीवर काम भागवतो. दुर्बीण लावलेली असली की झालं.

"डुकरालासुद्धा?" मी विचारलं.

"नेम असेल तर डुकरालासुद्धा. कानामागे धरायची. एका गोळीत जागेवर."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणालो, "ज्याने हे डुक्कर मारलं त्याचा नेम फार कच्चा आहे. गोळी पोटात आहे. शिकाऊ माणसाचं काम दिसतंय."

"पोटात?" तो म्हणाला. "शक्य नाही. मी कानामागेच धरली होती."

बाहेरच्या बाकावरचे वकील उठून उभे राहिले. आपण काय बोललो हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर त्या बाईबद्दल काही उमटलं नाही. त्याने मला विचारलं, "पोटात म्हणजे नक्की कुठे?"

माझ्या नोकरीत हात उगारण्याची इच्छा फार कमी वेळा झाली. त्या वेळी झाली. मी उठून खिडकीशी गेलो, थोडा उभा राहिलो आणि परत येऊन खुर्चीत बसलो.

पोलिसांपुढचं बोलणं न्यायालयात पुरावा होत नाही, हे मला ठाऊक होतं आणि वकिलालाही. हत्यार हवं होतं. अटक केल्यावर, पोलीस कोठडीत असताना त्याने ते काढून द्यायची तयारी दाखवली. पंचांसमक्ष त्याचं सांगणं लिहून घेऊन निवेदन पंचनामा केला आणि त्याने आम्हाला वर्कशॉपवर नेलं. पत्र्याच्या कपाटामागे, सतरंजीत गुंडाळलेली रायफल निघाली. वर दुर्बीण बसवलेली. ती त्याच्या बरोबरच्या मित्राच्या परवान्यावरची होती, निशाणेबाजीच्या सरावासाठी घेतलेली. ती डोंगरात न्यायची नव्हती, आणि दुसऱ्याच्या हातात तर द्यायचीच नव्हती. सीलबंद करून गोळीसह न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवली. बऱ्याच प्रतीक्षेनंतर अहवाल आला. गोळी त्याच नळीतून सुटलेली होती.

दरम्यान मयताचा नवरा ऊसतोडीवरून परत आला होता. विधी उरकून तो ठाण्यात आला. मी त्याला बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी जनावराचा दोष न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

"मंग त्या मानसानं आमाला येऊन सांगायला पायजे हुतं. डुक्कर माझ्यामुळं आलं म्हनून. कुनी आलं न्हाई."

तो माझ्याशी भांडायला आला नव्हता. पण त्या साध्या बोलण्याने मला जे लागलं ते पुढाऱ्याच्या फोनने लागलं नव्हतं. तिघांपैकी एकही जण त्या घरी गेला नव्हता. बाई मेल्याचं त्यांना त्याच दुपारी कळलं होतं, हे मोबाईलवरच्या त्यांच्या आपसातल्या संदेशांतून आम्ही सिद्ध केलं. एकाने लिहिलं होतं, डुकराने मारलंय, आपला विषय नाही. तिघांनाही ते पटलं होतं.

न्यायालयात बचावाचा सगळा भर त्याच वाक्यावर होता. मृत्यू डुकराच्या सुळ्याने झाला, आरोपीच्या गोळीने नव्हे. वनखात्यातल्या एका वरिष्ठानेही मला खासगीत विचारलं होतं, कशाला एवढं ताणता? आमच्याच खात्यातले एक साहेब म्हणाले, अकस्मात मृत्यू होता तो तसाच राहू दिला असता. मी गुन्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा लावला, जोडीला शस्त्र कायदा आणि वन्यजीव संरक्षण कायदा. कलमं टिकतील की नाही याची मला तेव्हा खात्री नव्हती. पण ती न लावता सही करणं मला जमलं नसतं.

उलटतपासणीत वकिलाने जावेला विचारलं, डुक्कर एवढं पळत असताना रक्त कसं दिसलं? तिने न घाबरता सांगितलं, "ते आमच्याकडंच येत हुतं. मी दुसरीकडं कुठं बघनार?" न्यायाधीशांनी ते शब्दशः नोंदवून घेतलं. मकेवाला फिरला नाही. तोही साक्षीला उभा राहिला आणि स्वतः गप्प बसल्याचं सगळ्यांसमोर बोलला.

गोळी झाडणाऱ्याला तिन्ही कायद्यांखाली शिक्षा झाली, रायफल देणाऱ्या मित्राला शस्त्र कायद्याखाली. माझ्या मते कमी झाली. गोळी झाडणारा अपिलात गेला आणि जामिनावर बाहेर आहे. वर्कशॉप चालू आहे. परवाना रद्द झाला एवढं समाधान. त्या बाईची मुलगी दहावी पास झाली, पुढे नर्सिंगला गेली असं ऐकलं. याला न्याय म्हणायचं का, हे मला ठरवता येत नाही. म्हणून तो राग अजून शिल्लक आहे आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. गुन्हा नेहमी हत्यार उचलण्यात नसतो. हत्यार चालवून झाल्यावर पाठ फिरवण्यात तो जास्त असतो. जनावर सुटलं, खाली माणसं आहेत, आणि तीन शिकलेली माणसं गाडीचं दार लावून घेतात, त्या क्षणाला कायद्यात वेगळं कलम नाही. ते असायला हवं होतं.

मध्यंतरी नात्यातला एक तरुण घरी आला. वडिलांच्या मागे शेती बघतो, डुकरांचा त्रास आहे, परवाना निघालाय. म्हणाला, "काका, कोणती रायफल घेऊ आणि नेम कुठं धरू, तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. गोळीचं वजन सांगितलं, कागदावर डुकराचं चित्र काढून पुढच्या पायामागची जागा दाखवली, वनखात्याची परवानगी हातात आल्याशिवाय बंदूक घराबाहेर काढायची नाही हेही बजावलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी मी विचारलं, "समजा गोळी चुकून पोटात लागली आणि डुक्कर खाली वस्तीकडे पळालं. काय करशील?"

तो हसून म्हणाला, "काका, मी चुकणारच नाही."

मी कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मग तू बंदूक घेऊ नकोस."